पांढरा लेप

१

घंटा वाजली नाही, म्हणून कोणी धावलं नाही.

आई बाजारातून परतली तेव्हा दुपार कलायला आली होती. बाहेर अंग भाजून काढणारं ऊन होतं. पिशव्या ओट्यावर ठेवून ती नेहमीसारखी आधी नवऱ्याच्या, म्हणजे सरांच्या खोलीत डोकावली. सर खुर्चीतच होते, पण मान एका बाजूला कलली होती, ओठ निळसर पडले होते आणि घशातून घरघर ऐकू येत होती. समोरचा स्क्रीन काळा होता.

आईनं हाक मारली तशी सरांची देखभाल करणारी सिस्टर जिन्यावरून धावत वर आली. तिनं घशात नळी घालून अडकलेला कफ ओढून काढला, आईकडून ॲम्ब्युलन्सला फोन करवला आणि गाडी येईपर्यंत सरांचा हात धरून बसली. सर वाचले. डॉक्टर म्हणाले, थोडा आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं.

सरांनी उभं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलं होतं. मग स्नायूंचा आजार जडला. आधी हात गेले, मग पाय, शेवटी जीभ. डोळे तेवढे राहिले. त्यांच्या खुर्चीसमोर एक कॉम्प्युटर होता. त्याचा कॅमेरा त्यांच्या बुबुळांवर नजर ठेवायचा. सर स्क्रीनवरच्या अक्षरांकडे एकेक करून बघत, आणि मशीन ते शब्द घोगऱ्या आवाजात बोलून दाखवी. कोपऱ्यात एक लाल चौकोन होता. त्यावर नजर रोखली की घरभर ऐकू जाईल अशी घंटा वाजे.

त्या दुपारी घसा भरला तेव्हा सरांनी लाल चौकोन शोधला असणारच. पण कॉम्प्युटर त्याआधीच बंद पडला होता.

त्यांचा मुलगा ऑफिसातून थेट हॉस्पिटलात गेला आणि तिथून आईला घेऊन तडक घरी. त्यानं कॉम्प्युटरच्या पेटीला हात लावला. सुरू करून पाहिला, तर थोड्याच वेळात पत्रा तापून तो पुन्हा बंद पडला. तापून बंद पडला होता, हे उघड होतं. महिन्याभरापूर्वीच कोपऱ्यावरच्या दुकानदारानं तो उघडून साफ केला होता आणि आत नवी थर्मल पेस्ट लावली होती.

मुलानं तिथेच उभ्या उभ्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. 'आमच्या वडिलांचा कॉम्प्युटर पंखेवाल्याने बिघडवून ठेवला. आज ते जाता जाता वाचले. आपापली मशीन सांभाळा.'

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीनं ते वाचलं होतं.

२

पंखेवाला पूर्वी पंखे दुरुस्त करायचा, ते नाव त्याला चिकटलं होतं. आता त्याच्या दुकानात कॉम्प्युटर आणि लॅपटॉपच जास्त यायचे. मजकूर वाचल्यावर तो सरांच्या घरी गेला नाही. तो गेला मामांकडे.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. कारखान्यांतले बॉयलर तपासण्यात त्यांची नोकरी सरली. कुठे टाकी फुटली, माणूस भाजला की त्यांना बोलावणं यायचं, आणि दोष वाफेचा की माणसाचा हे ते सांगून मोकळे व्हायचे. निवृत्त झाल्यावर पलीकडच्याच इमारतीत राहत होते.

पंखेवाला दारातच उभा राहिला. आत या म्हटलं तरी येईना.

"मामा, तुम्ही स्वतः उघडून बघा," तो म्हणाला. "माझ्या हातचं असेल तर मी दुकान बंद करतो."

मामांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि काय लपवतोयस असं सरळ विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर ते लिहिलेलंच होतं. मग त्यानं सांगून टाकलं.

प्रोसेसर चालू असला की तापतो. त्याच्या डोक्यावर पंखा लावलेला धातूचा ठोकळा, म्हणजे कूलर, घट्ट बसवतात. तो ती उष्णता ओढून घेतो. पण दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी मध्ये बारीक खाचा राहतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णता अडवून धरते. ती हवा हटवायला मध्ये पेस्ट लावायची. वाटाण्याएवढी पुरते. कमी पडली तर खाचा उघड्या राहतात, फार झाली तर तिचीच गादी होते. आणि पेस्ट-पेस्टमध्येही फरक असतो. एक महागातली, वर्षानुवर्षं ओल धरणारी. दुसरी साधी, लवकर सुकणारी. पंखेवाल्यानं सरांसाठी महागातली कबूल केली होती. ऐन वेळी त्या नळीतून काही निघेना, म्हणून त्यानं खणातली जुनी, साधी लावली.

"सरांचं मशीन दिवसभर चालतं, मला माहीत होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "उद्या नवी आणून बदलू म्हटलं. ते राहूनच गेलं. कुणाला बोललो नाही."

उद्या सकाळी उघडून बघू, मामा म्हणाले. सुकलेली पेस्ट महिन्याभरात मशीन बंद पाडते का, एवढंच त्यांनी विचारलं. सहसा नाही, पण कोण जाणे, असं पंखेवाला म्हणाला.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या रिकाम्या खोलीत तिघे जमले. मामा, पंखेवाला आणि मुलगा. मुलगा पंखेवाल्याकडे बघायलाही तयार नव्हता. मामांनी त्याला खिडकीशी उभं केलं आणि मध्ये बोलायचं नाही असं बजावलं.

पेटी उघडली. कूलर चार स्क्रूंवर बसवलेला होता. मामांनी चष्मा पुसून ते स्क्रू नीट पाहिले. दोन आवळून बसवलेले, दोन सैल. डोकी खरवडलेली, जणू पेचकसाऐवजी सुरीच्या टोकानं फिरवलेली.

असे स्क्रू मी सोडत नाही, पंखेवाला पुटपुटला. तो समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आळीपाळीनं आवळायचा, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. त्याच्याकडे त्यासाठी खास पेचकस होता. तसा मुलाकडेही एक पूर्ण संच होता, कपाटात समोरच ठेवलेला.

पंख्याची वायर बाजूला घेऊन दोऱ्यानं बांधली होती. दोरा साधा, शिवायचा, निळा. मामांनी विचारलं, हा तुझा का? पंखेवाल्यानं नाही म्हणून मान हलवली. तो वायर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधत असे. मामा त्या गाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दोरा गाठीला धक्का न लावता कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

कूलर उचलला आणि पंखेवाल्याच्या हातातून सुटता सुटता राहिला.

आत पंखेवाल्यानं लावलेल्या करड्या पेस्टचा मागमूस नव्हता. प्रोसेसरवर पांढरा लेप होता. मधोमध सुकून चुन्यासारखा भुगा झालेला, आणि कडांनी तेलकट ओघळ खाली उतरलेला.

"हे माझं नाही," पंखेवाला म्हणाला.

मुलगा तिथूनच बोलला की आता असंच म्हणणार. मामांनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी तो भुगा बोटावर घेतला, नाकाशी नेला, अंगठ्यानं चोळून पाहिला. मग प्रोसेसरच्या कडेला अडकलेला कापसाचा एक तंतू चिमट्यानं उचलला.

हे मलम आहे, ते म्हणाले. सरांच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज लावतात ते. त्यात जस्ताची भुकटी असते. पेस्टमध्येही पुष्कळदा तीच असते, फक्त ती टिकाऊ तेलात कालवलेली. मलमातली चरबी तापली की वितळून वाहून जाते आणि मागे कोरडी भुकटी उरते. चार दिवस चालेल. मग उन्हाळ्याची एक दुपार पुरते.

म्हणजे पंखेवाल्यानंतर कुणीतरी ही पेटी उघडली होती. आणि ते कुणीतरी याच घरातलं होतं.

४

मुलाचा चेहरा उतरला. तो खुर्चीवर बसला आणि विचारण्याआधीच सांगू लागला. पेटी त्यानं उघडली नव्हती. पण ऑफिसात त्याला मोठे व्हिडिओ तयार करायचे असत, आणि वडिलांचा कॉम्प्युटर घरातला सगळ्यांत ताकदीचा. तो ऑफिसात बसून नेटवरून ते काम या मशीनवर चढवायचा. सरांना फक्त अक्षरं लागतात, त्यांना काय फरक पडणार, असं त्याला वाटायचं. त्या दुपारीही त्यानं मोठं काम चढवलं होतं.

"मीच तापवलं ना, मामा?"

मामांनी त्याची पाठ थोपटली नाही. तापवलंस, पण धड पेस्ट असती तर मशीननं ते सोसलं असतं, एवढंच ते म्हणाले.

मग ते हॉस्पिटलात गेले. सिस्टर सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. मलम तिच्या हाताखालचं, स्पिरिटचा कापूस तिच्या डब्यातला. मामांनी विचारलं तशी ती रडायला लागली. पण कबुली निघाली ती वेगळीच. त्या दुपारी तिच्या मुलीचा फोन आला होता. सासरी काही बिनसलं होतं. सरांसमोर कसं बोलायचं, म्हणून ती जिन्यात जाऊन बसली. घंटा वाजली की ऐकू येतेच, या भरवशावर.

कॉम्प्युटरला तिनं कधी हात लावला नव्हता. ती पुसायलाही घाबरायची. मलमाची नळी एकदा भलत्याच जागी सापडली हे मात्र तिच्या लक्षात आलं होतं. आई टाचांच्या भेगांना लावत असतील असं वाटून ती काही बोलली नव्हती.

मामा खिशातल्या दोऱ्याशी चाळा करत बसले. तीन माणसं, आणि तिघांनीही आपापला गुन्हा कबूल केला होता. प्रत्येकाचं म्हणणं खरं होतं. पण मलम कुणीच लावलेलं नव्हतं.

या सगळ्या गोंधळात एका माणसाला कुणी काहीच विचारलं नव्हतं. तो माणूस दिवसभर त्या पेटीसमोरच बसलेला असायचा.

५

सर पलंगावर उशांना टेकून होते. मशीन नसलं की त्यांच्यापाशी दोनच शब्द उरत. नजर वर नेली की 'हो', पापण्या मिटून उघडल्या की 'नाही'.

मामा पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले. आधी त्यांनी बरं वाटतंय का विचारलं. नजर वर गेली. दुखतंय का? पापण्या मिटल्या, उघडल्या.

"सर, कॉम्प्युटर उघडताना तुम्ही तिथेच होता ना?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. नजर वर गेली नाही, पापण्या लवल्या नाहीत.

"उघडणारा माणूस घरातला होता?"

सरांनी डोळे मिटले. मामांनी वाट पाहिली. डोळे उघडले नाहीत. पुन्हा विचारलं, नाव घेऊन विचारलं, तरी नाहीत. सर झोपलेले नव्हते. पापण्यांखाली बुबुळं हलत होती, आणि एका डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं होतं.

बोलण्यासाठी ज्याच्याजवळ फक्त डोळे आहेत, त्यानं ते मिटून घेतले होते. मामांनी आजवर पुष्कळ जबान्या घेतल्या होत्या. गप्प राहणारी माणसं त्यांना नवी नव्हती. पण असं गप्प राहणं त्यांना बघवेना. त्यांनी सरांच्या कानापर्यंत आलेलं पाणी रुमालानं टिपलं आणि बाहेर आले.

आता त्यांना सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

६

आई हॉस्पिटलाच्या जिन्याशेजारच्या खिडकीपाशी उभी होती. मामांनी खिशातून निळा दोरा काढून कठड्यावर ठेवला.

"चिमे," ते म्हणाले, "शर्टाचं बटण लावलं की शेवटी तू दोऱ्याला तीन वेढे देतेस आणि टोक आतून ओढून घेतेस. माझ्या प्रत्येक शर्टावर आहे ती गाठ. मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही."

आईनं दोऱ्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

मामांना पहिल्यापासून एक गोष्ट खटकत होती, ती त्यांनी सांगितली. काम अडाण्याचं नव्हतं. जुनी पेस्ट स्पिरिटनं स्वच्छ पुसलेली होती, लेप पातळ आणि सगळीकडे सारखा होता, पेस्टऐवजी निवडलेलं मलमही नेमकं जस्ताचं होतं. हे ज्याला सुचलं त्याला उष्णता कळत होती. पण स्क्रू सुरीनं फिरवलेले, तेही एका बाजूनं आवळलेले. त्या हातांनी असलं काम कधी केलेलं नव्हतं. पंखेवाल्याला दोन्ही येतं. मुलाकडे हत्यारं होती, त्याला सुरीची गरज नव्हती. सिस्टरला यातलं काहीच येत नाही. म्हणजे डोकं एकाचं होतं आणि हात दुसऱ्याचे. आणि ज्याला डोकं आहे पण हात नाहीत, असा घरात एकच माणूस होता.

आई खिडकीबाहेर बघत बोलू लागली. खोली झाडताना तिला पेटीच्या जाळीत धूळ दिसली. मुलगा तिला त्या मशीनला हात लावू देत नसे. एकदा ओलं फडकं फिरवलं म्हणून तो सिस्टरसमोर तिच्यावर ओरडला होता. तरीही तिनं झाकण काढून व्हॅक्यूमची नळी आत घातली. नळी कूलरवर आपटली, तो एका बाजूनं उचलला गेला आणि पंखा भलत्याच आवाजात घुरघुरू लागला. ती घाबरली. सरांनी स्क्रीनवर विचारलं, काय झालं? तिनं सांगितलं. मुलाला बोलावू नका म्हणाली. पंखेवालाही नको, तो मुलाला सांगेल.

मग सर म्हणाले, आपण करू.

"आधी त्यांनी सगळं मशीनवर बोलून दाखवलं. मी घोकून पाठ केलं, परीक्षेसारखं. मग मशीन बंद केलं. काय पुसायचं, किती लावायचं, मी विचारायची आणि ते डोळ्यांनी हो-नाही करायचे. मलम किती घेऊ म्हणून दाखवलं तर तीनदा नाही म्हणाले. इतकं थोडं घेतलं तेव्हा कुठे हो. दादा, किती वर्षांनी आम्ही दोघांनी मिळून काही केलं असेल. एरवी मी फक्त त्यांचं करते. चालू झालं तेव्हा मला हसू आवरेना. त्यांचे डोळेही हसत होते."

तिनं पदरानं नाक पुसलं.

सरांनी तेव्हाच बजावलं होतं की हे तात्पुरतं आहे, दुकानातून खरी नळी आण. तीही दोन-तीनदा कोपऱ्यापर्यंत गेली. पण पंखेवाल्याकडे पेस्ट मागितली की तो कशाला म्हणून विचारणार, आणि घरी येऊन बघतो म्हणणार. ती परत फिरायची. सरांना सांगायची, दुकान बंद होतं.

"तुझ्या पोरानं ग्रुपवर लिहिलं तेव्हा?"

"वाचलं मी," आई म्हणाली. "त्यानं मला दाखवूनच पाठवलं. मी म्हटलं, बरं."

ते 'बरं' तिच्याच तोंडून तिला पुरतं ऐकू आलं होतं.

७

संध्याकाळी आई एकटीच दुकानात गेली. बाकावर कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तिनं पंखेवाल्याला सगळं सांगितलं, काही न गाळता. तो हातातला पेचकस उलटसुलट करत ऐकत राहिला. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं एवढंच विचारलं की मलम लावायची वेळ येईपर्यंत त्याची पेस्ट कशी होती. ओली होती का?

ओली होती, आई म्हणाली. पुसायला वेळ लागला.

त्यानं मोठा श्वास सोडला. मग म्हणाला, "काकू, एकदा दुकानात आला असतात. मी तुमच्या मुलाला काही बोललो नसतो."

सर घरी आले त्या दिवशी तो महागातली पेस्ट घेऊन आला. या वेळी नळी कोरी होती, आणि ती त्यानं सगळ्यांसमोर फोडली. प्रोसेसर पुसून झाल्यावर त्यानं आईला पुढे बोलावलं. ती नको म्हणाली, माझ्या हातून आता नको. तो म्हणाला, मी नसेन तेव्हा घरात कुणाला तरी यायला हवं. तिनं नळी हातात घेतली. त्यानं तिचा हात धरला नाही, फक्त कुठे थांबायचं ते सांगितलं. कूलर बसवताना त्यानं तिच्या हातात स्वतःचा पेचकस दिला आणि समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीनं फिरवायला लावले.

मशीन सुरू झालं. सरांची नजर अक्षरांवरून फिरू लागली. एकेक शब्द जुळायला वेळ लागत होता.

"हॉस्पिटलात डोळे मिटले," घोगरा आवाज म्हणाला, "ते हिला वाचवायला नाही. मलम टिकणार नाही हे मला ठाऊक होतं. दुकान रोज बंद नसतं हेही ठाऊक होतं. ती खुशीत होती म्हणून मी विचारलं नाही. तुझं नाव गेलं. माफ कर."

पंखेवाल्यानं मान डोलावली. हत्यारं गोळा करून तो निघून गेला, चहालाही थांबला नाही.

मुलानं ग्रुपवर पहिला मजकूर चुकीचा होता असं लिहिलं. काहींनी अंगठे पाठवले, बऱ्याच जणांनी वाचलंच नाही. दुकानासमोरचा बाक रिकामाच राहिला. पहिली बातमी जशी घरोघरी पोचली होती तशी ही पोचत नव्हती.

मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलगा स्वतः जाऊन त्या बाकावर बसू लागला. पंखेवाल्यानं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. आत तो आपलं काम करत राही आणि मुलगा येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असा बसून राही. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून दुकानापाशी घोटाळल्या. त्याला तिथे बघून त्यांना नवल वाटलं. जवळ येऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "याच्यामुळेच ना रे, तुझ्या वडिलांचं तसं झालं?"

मुलगा उठून उभा राहिला. आतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "नाही काकू. आमच्यामुळे. आणि त्यातही माझ्यामुळे."

आत पेचकसाचा आवाज थांबला होता. मुलानं काकूंच्या हातातली पिशवी घेतली आणि आत नेऊन दिली.